भिंतीवरचा खटका

१२ एप्रिल

पोचले एकदाची. देवरुखहून निघताना आईने बांधून दिलेली घावनं मिरजेच्या अलीकडेच संपली, आणि त्यापुढे खिडकीबाहेर हिरवं म्हणून काही दिसलं नाही. स्टँडवर उतरले तर चपलेखालचं डांबर मऊ लागत होतं. रिक्षावाला म्हणाला, अजून कुठं ऊन पडलंय ताई, मे येऊ द्या की. आमच्याकडे लोक आंब्याबद्दल जेवढ्या अभिमानाने बोलतात, तेवढ्याच अभिमानाने इथे उन्हाबद्दल बोलतात.

खोली सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत मिळाली आहे. घर गोपाळकाका आणि प्रभाकाकूंचं. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, काकू शाळेत गणित शिकवायच्या. माझ्या खोलीला एक दार घरात आणि एक अंगणात उघडतं. खाली शहाबादी फरशी आहे, अनवाणी चाललं की पायांना जरा बरं वाटतं. भिंतीला लागून एक दणकट टेबल, टेबलाच्या वर जुन्या पद्धतीचे काळे खटके. समोर एका चष्मेवाल्या, मनापासून हसणाऱ्या मुलाचा फोटो. ही आमच्या अनीशची खोली, काकू म्हणाल्या. मी म्हटलं, किती नीट ठेवलीय, हल्ली कुठे असतो तो? काकू पाणी आणायला आत गेल्या आणि काकांनी विषय उन्हावर नेला. असेल बंगळूरला नाहीतर परदेशात. मुलं लांब गेली की आईबाप असेच अर्धवट बोलतात.

फोनवर खोली ठरवताना काकूंनी मला लग्नाचं विचारलं नाही, मांसमच्छीचं विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, घरी बसून कॉम्प्युटरवरच काम करणार ना तू? हो म्हटल्यावर लगेच ये म्हणाल्या. घरात परत टकटक ऐकू आली की बरं वाटेल म्हणे. अशी घरमालकीण नशिबाने मिळते.

काम टॉवेलच्या कारखान्यातलं. टॉवेलांच्या आणि चादरींच्या नक्ष्या कॉम्प्युटरवर काढून द्यायच्या. महिनाअखेर चार नक्ष्या मालकांना पसंत पडल्या तर नोकरी पक्की, नाहीतर आल्या वाटेने देवरुख. रात्री जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही होतं. कडक भाकरी मोडताना आवाज झाला तसे काका हसले. पहिलाच दिवस आणि पोट भरून झोप आली आहे.

१५ एप्रिल

कॉम्प्युटर आला. सात रस्त्यावरच्या दुकानातल्या सोमेशने एकेक भाग निवडून माझ्यासाठी नवाकोरा जोडला आहे. सोमेश विणकराच्या घरातला, फोनवर आईशी तेलुगू बोलतो, माझ्याशी सोलापुरी, आणि मशीनशी तोंडातल्या तोंडात जे बोलतो ते कुठल्या भाषेत असतं ते मला अजून कळलेलं नाही.

काकूंनी आधीच तयारी ठेवली होती. कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, उंबऱ्यावर नारळ फोडला. सोमेशने कॅबिनेट टेबलाखाली फरशीवर ठेवलं आणि लांबच्या भिंतीवरच्या खटक्याकडे वायर न्यायला लागला, तर काकू म्हणाल्या, तिथं नको, ह्या टेबलावरच्याच खटक्याला लाव. त्याचा पण इथंच असायचा. काका तेवढ्यात उठून अंगणात गेले.

पंखे फिरले, निळा दिवा लागला, पडदा उजळला. मी खुशीत खाली वाकले, पेनड्राइव्ह लावायला हात पुढे केला आणि सगळं फटकन बंद. सोमेश म्हणाला, नवीन हाय की ओ मॅडम, लाजतंय. परत चालू केला, मग जरा वेळ चालला, मग परत बंद. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझ्या नशिबी नऊ मिनिटंसुद्धा दिसत नाहीत.

१७ एप्रिल

दोन दिवसांत एक नक्षी अर्धी झाली आणि ती पण जतन व्हायच्या आत गेली. मोराचा पिसारा निम्मा काढला होता. रडूच आलं.

सोमेश आला. त्याची पद्धत मला आवडते, घाई नाही. आधी सगळ्यात साधं बघायचं, मग अवघड. म्हणून आधी वायर बदलली. मॉनिटरची काढून कॅबिनेटला लावली, कॅबिनेटची मॉनिटरला. काकू शेजारी उभ्या राहून गणिताच्या बाईंसारखे प्रश्न विचारत होत्या. ह्याची त्याला चालते का? सोमेश म्हणाला, दोन्ही एकच असत्यात, कुठलीबी कुठंबी लावा. काकूंनी मान डोलावली. मग त्याने मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या. मग आतला वीज देणारा डबाच बदलला. तरी तेच. शेवटी कॅबिनेट खांद्यावर टाकून दुकानात घेऊन गेला.

१९ एप्रिल

दुकानात मशीन दिवसभर चाललं. गाणी लावून ठेवली होती म्हणे, एकदाही बंद पडलं नाही. घरी आणलं, लावलं, मी टेबलाशी बसले, पाय नीट करून घेतले, की बंद.

उन्हाने जीव नकोसा झालाय म्हणून मी टेबलाखाली टबात पाणी घेऊन पाय बुडवून बसते. काकू हसल्या, कोकणातली माणसं पाण्यावाचून बसत पण नाहीत का. काय करणार, इथली हवासुद्धा भाजलेली आहे.

मालकांना फोन करून म्हटलं, कॉम्प्युटर टिकत नाहीय, चार दिवस वाढवून द्या. ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं.

२० एप्रिल

आज उलगडा झाला, म्हणजे झालासं वाटतंय. सोमेशने बॅटरीचा डबा आणून मध्ये जोडला, वीज गेली तर मशीन त्याच्यावर चालावं म्हणून. थोड्या वेळाने डबा कोकलायला लागला. घरात वीज होती, पंखा चालू होता. सोमेशने वर बघितलं आणि म्हणाला, खटका बंद हाय.

खरंच. खाली असलेला खटका वर गेला होता. म्हणजे मशीन शहाण्यासारखं चालत होतं, भिंतीतूनच वीज तुटत होती. स्प्रिंग गेलीय, जुना माल, सोमेश म्हणाला. मी काकांना वायरमन बोलवायला सांगितलं तर ते का कोण जाणे घुटमळले. रेवणसिद्ध म्हणून त्यांचा नेहमीचा माणूस अक्कलकोटकडे गावी लग्नाला गेलाय, आला की बघू म्हणाले. दुसरा नको, ह्या खोलीतलं काही उघडायला नको, असं काहीतरी पुटपुटले.

तोवर खटक्यावर चिकटपट्टी लावून टाकली. आणि सोमेशने खबरदारी म्हणून बैठकीच्या खोलीतून लांब वायर ओढून दिली. त्या वायरीवर मशीन संध्याकाळभर चाललं. मोर पूर्ण झाला.

२१ एप्रिल

सकाळी ती लांब वायर नीट गुंडाळून माझ्या दाराशी ठेवलेली. काकू म्हणाल्या, कुणी अडखळून पडेल. मी म्हटलं, पण काकू, इथला खटका खराब आहे. त्या म्हणाल्या, खराब नाही ग तो. आणि मायेने हसल्या. सोमेश आपला बॅटरीचा डबा घेऊन गेला, त्याच्याकडे तो एकच आहे. मी पुन्हा त्याच भिंतीशी.

२२ एप्रिल

चिकटपट्टी निघाली. निघून पडली असती तर समजलं असतं. ती सोलून, चार घड्या घालून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली होती. मी खोलीतच होते. पाठ वळवून केस पुसत होते.

आणखी एक गोष्ट. मशीन बंद पडलं की काकू येतात. दर वेळी. हातात काहीतरी खायला असतं, कधी चिवडा, कधी कलिंगडाच्या फोडी. दारात उभ्या राहून विचारतात, बंद झाला का ग? चेहरा असा, की मी हो म्हणावं असं त्यांना वाटतंय. आज मी वैतागून म्हटलं, हो झाला, आनंद झाला का तुम्हाला? त्या फोडी ठेवून गेल्या. नंतर माझी मलाच लाज वाटली. पण त्यांना खरंच आनंद झाला होता. मी बघितला.

२४ एप्रिल

गोजाबाई धुण्याभांड्याला येतात. आज काका-काकू दवाखान्यात गेले होते. माझी खोली पुसायला त्या कधी आत येत नाहीत, दारातूनच फडकं फिरवतात. मी विचारलं, आत का येत नाही? आणि सहज म्हणून विचारलं, अनीश सुट्टीला कधी येतो?

गोजाबाईंनी फडकं खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते, मला माझ्या शब्दांत मांडता येणार नाही.

"तुमाला सांगितलं न्हाय व्हय? ताई, पोरगं गेलं की. ह्याच खोलीत. दोन वरसं झाली, असंच ऊन व्हतं. आंघोळ करून आलं, ओल्या अंगानं त्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला, आन् चिकटलं. काकू जेवायला हाक मारायला आल्या व्हत्या. धावल्या त्याला धरायला. काकांनी त्यांचा पदर ओढून मागं पाडलं, आन् मग खटका बंद केला. आधी खटका बंद कराय पायजे व्हता. पर सुचतंय का तवा."

फोटोला हार नाही, कारण काकूंनी घालू दिला नाही. डब्याने पोर खाल्लं म्हणून काकांनी तो कॉम्प्युटर भंगारात दिला आणि खोलीला कुलूप लावलं. दहाव्याला कावळा शिवला नाही. काकांनी कबूल केलं, मी प्रभाला सांभाळीन. चुलतभावाने कबूल केलं, काका-काकूंना मी बघीन. मित्रांनी सांगितलं, तुझं राहिलेलं काम पुरं करू. ऊन डोक्यावर आलं. कावळा समोरच्या भिंतीवर बसून बघत होता, पण पिंडाजवळ आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे उठले. त्याच्या मनात काय राहिलं ते कुणाला कळलंच नाही, गोजाबाई म्हणाल्या.

मी तो फोटो बघत बसले. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. मी त्याच्या गादीवर झोपते.

देवरुखला परत जावं का? पण महिनाअखेर सहा दिवसांवर आहे.

२५ एप्रिल

आज बघितलं.

टळटळीत दुपार. काका वाचत पडलेले, काकू स्वयंपाकघरात. मी मुद्दाम मशीन चालू केलं आणि टेबलाशी नजर वरच्या खटक्यावर लावून बसले. बराच वेळ काही नाही. चालू होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी मी नजर हलवली नाही. मग पाय शेकायला लागले म्हणून टब जवळ ओढून पाय बुडवले आणि ओला पाय पलीकडे टाकायला उचलला —

खटका वर गेला. सावकाश. स्प्रिंग तुटलेला खटका असा जात नाही, तो फटकन जातो. हा अर्ध्यावर थांबला, जणू खालून कुणाचं बोट नीट बसेना, आणि मग पूर्ण वर गेला. खट्.

खटक्याजवळ कुणी नव्हतं. त्याच्या खालच्या भिंतीवर ओल उमटली होती. बोटांएवढी. माझ्या डोळ्यांदेखत वाळली.

काकू दारात आल्या. विचारलं नाही काही. नुसत्या त्या खटक्याकडे बघत होत्या, जशी आई शाळेतून येणाऱ्या मुलाच्या वाटेकडे बघते. मी उठून अंगणात गेले.

२६ एप्रिल

रात्रभर विचार केला. मी भित्री आहे, पण मूर्ख नाही. खटका उगीच कधी जात नाही. पेनड्राइव्ह लावायला हात नेला तेव्हा गेला. पाय टबातून काढून कॅबिनेटच्या बाजूला टाकायला गेले तेव्हा गेला. दर वेळी मी त्या डब्याला शिवणार होते. दर वेळी त्याच्या आधी.

सकाळी काकांच्या खणातला टेस्टर घेतला, तो वीज असली की दिवा लागणारा स्क्रू-ड्रायव्हर. पायात रबरी चपला घातल्या. मशीन चालू केलं. फोटोकडे बघून म्हटलं, अनीश, एकदाच, मला बघू दे. आणि टेस्टरचं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवलं.

दिवा लागला. भगभगीत.

पत्र्यात वीज उतरली होती. दुकानात हाच डबा दिवसभर चालला, म्हणजे डब्यात दोष नव्हता. तेव्हाही नव्हता. भिंतीत आहे. डबा भंगारात गेला, पण भिंत कुणी उघडून बघितली नाही. त्याला ज्याने मारलं ते इथेच आहे, दोन वर्षं, टेबलाच्या मागे. आणि तो —

तो मला छळत नव्हता. मला मरू देत नव्हता.

फरशीवर बसून खूप रडले. भीतीने नाही.

रेवणसिद्धला फोन लावला. तो म्हणाला, वायर आत खरवडली असंल, आन् जिमिनीत पाणी न्हाय तर अर्थिंग मेलेलं असतंय, मग फ्यूज बी उडत न्हाय. लग्न उरकून बुधवारी येतो, तवर त्या पॉइंटला काय लावू नका. मी कॅबिनेटची वायर काढून माझ्या पिशवीत टाकली.

दुपारी काकू झोपल्यावर काकांना अंगणात नेऊन सगळं सांगितलं. ते आधी ऐकूनच घेईनात. मग कट्ट्यावर बसले. म्हणाले, दहाव्याला मी सगळं कबूल केलं ग, घर विकीन म्हटलं, हे एक तेवढं म्हणायचं राहिलं. पुन्हा कुणाला लागू नये, एवढंच त्याला हवं होतं. एवढं साधं मला सुचलं नाही.

२७ एप्रिल

सोमवार, म्हणून काकू सिद्धेश्वराच्या देवळात गेल्या होत्या. काकांनी स्वतः भात लावला. मी त्यावर दही घातलं. काकूंना सांगायचं नाही असं ठरलं. त्या अडवतील, काका म्हणाले. मलाही तेच वाटलं.

पत्रावळ अंगणाच्या भिंतीवर ठेवली. कावळा कुठून आला कळलं नाही. गोजाबाईंनी सांगितला तसा लांब बसला, मान वाकडी करून. काकांनी हात जोडले.

"अनीश, वायर नवी घालतो बाळा. भिंत फोडून घालतो. ह्या घरात पुन्हा कुणाला शॉक लागणार नाही. तू आता थांबू नकोस."

शेवटचा शब्द व्हायच्या आत कावळ्याने घास उचलला.

काका भिंतीला धरून उभे होते. मी त्यांना आत आणलं. खोलीत गेले आणि लगेच कळलं. कसं ते सांगता येत नाही. खोली नुसती खोली होती. टेबल, खुर्ची, फोटो. इतके दिवस कुणाच्या तरी घरात राहत होते, आज भाड्याच्या खोलीत आले.

सुटला बिचारा. मला हलकं वाटायला हवं होतं.

२८ एप्रिल

काकू दिवसभर विचारताहेत, कॉम्प्युटर का लावत नाहीस? मी म्हटलं, उद्या रेवणसिद्ध येतोय, खटका दुरुस्त करणार. त्यांचा चेहरा उतरला. दार लोटून माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेतला.

"दुरुस्त नको करू ग. तुला सांगते, कुणाला सांगू नकोस. तू बाहेर गेलीस की मी लावते तो. ओला हात पुढं करते. अगदी टेकणार, तेवढ्यात तो खटका बंद करतो. रोज करतो. एकदा पण चुकला नाही. तेव्हा मला नाही जमलं ते, बघ. त्याला जमतंय."

रोज. मी डाक घ्यायला, भाजीला, सोमेशकडे गेले की रोज. ह्या बाईने मला खोली दिली ती त्यासाठी. पहिल्यांदा नुसती टकटक ऐकायला, आणि मग —

सांगायला हवं होतं, काकू, तो गेला. काल आम्हीच त्याला पाठवला, तुम्हाला न विचारता. तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांत एवढा आनंद होता. मी म्हटलं, काकू, आता हात लावू नका, शपथ आहे माझी. त्या हसल्या. माझ्या गालावरून बोटं फिरवून गेल्या.

काकांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले. म्हणाले, वायर बदलली की मीच सांगतो तिला, आज सांगितलं तर सहन नाही व्हायचं. मी खोलीतच बसून राहिले. काकूंना आत येऊ दिलं नाही. वायर पिशवीत आहे, पिशवी उशाशी.

२९ एप्रिल

काका रेवणसिद्धला स्टँडवरून आणायला गेलेत. येतीलच. मी अंगणातल्या कट्ट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले आहे. वायर आत आहे, दोनदा चाचपली. काकूंची आंघोळ चालली आहे, न्हाणीतून पाण्याचा आवाज येतोय.

काका आले की काकूंना लगेच सांगायचं. मी त्यांच्याजवळ बसेन. पायांवर डोकं ठेवीन. आम्ही चूक केली काकू. भिंत आधी फोडायची, आणि मग त्याला सांगायचं. आम्ही आधी त्याला —

पाण्याचा आवाज थांबला.

माझ्या खोलीतून पंख्याचा आवाज येतोय. बारीक, गोल. मशीन चालू झाल्यावर येतो तसा. पण ते चालू कसं होईल, वायर तर माझ्या —

मॉनिटरची. मॉनिटरची काढून लावली. सोमेशनेच त्यांना —

दोन्ही दारांना आतून कडी आहे. काकू म्हणून हाका मारतेय, ओ देत नाहीत. त्याच्याशी बोलताहेत. बघ अनीश, हात पुढं केलाय, कर बंद. कर की रे.

खट् व्हायला हवं. आता व्हायला हवं. पंखा अजून चालू—